साडेतीन टन कुठे लिहिलंय?

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात उन्हाळ्यात दुपारी दीडला आणि हिवाळ्यात अडीचला फोन वाजायला लागतात. ब्रिटनमधली घड्याळं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर एक तास इकडेतिकडे होतात, आणि त्यांच्यामागे आमची जेवणंही फरफटत जातात. काम विम्याचं आहे. तिकडच्या कॅराव्हॅन, होड्यांचे ट्रेलर, घोडे न्यायच्या पेट्या, म्हणजे थोडक्यात गाडीच्या मागे जे जे लावता येतं त्या सगळ्याचा विमा. घरी कुणाला हे नीट समजलेलं नाही. आईच्या मते मी 'टोचनच्या कंपनीत' आहे, आणि गेली काही वर्षं मी ते दुरुस्त करायचा नाद सोडलाय.

फोनवर जो प्रश्न सतत येतो तो असा: माझी गाडी किती वजन ओढू शकते? ऐकायला साधा आहे. तिथे विकलेली, धडधाकट कागदपत्रं असलेली गाडी असेल तर उत्तरही साधं असतं. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर चार आकडे एकाखाली एक. पहिला गाडीचं माणसं-सामान धरून कमाल वजन. दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून कमाल वजन. तिसरा पुढच्या आसाचा (ॲक्सलचा), चौथा मागच्या आसाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रेलरसाठी ढोबळमानाने काय उरतं ते कळतं. पहिला २५०० आणि दुसरा ४५०० असेल तर दोन टन. दुसरा आकडाच नसेल, तर सहसा त्याचा अर्थ एकच: ही गाडी ओढकामाला दिलेली नाही. तिथल्या सरकारी सल्ल्यातही तसंच म्हटलंय.

मग येतात जपानहून आणलेल्या गाड्यांचे मालक, आणि माझी दुपार तिथे अडकते.

मित्सुबिशी डेलिका, माझदा बोंगो, असल्या डबा-गाड्या जपानच्या देशी बाजारासाठी बनल्या. तिथे वापरून झाल्यावर जहाजातून ब्रिटनला आल्या. तिथले लोक त्यांच्यात पलंग, शेगडी बसवून हिंडतात. त्यांच्या पट्टीवर मॉडेलचा कोड असतो, इंजिन असतं, रंगाचा नंबर असतो. वजनाच्या चार ओळी नसतात, कारण त्या चार ओळींची चाल युरोपची. डेव्हनकडचे एक आजोबा मला मोठ्या अभिमानाने सांगत होते, "माझी डेलिका डोंगर चढते, तिला काय दोन टनाची कॅराव्हॅन जड आहे?" त्यांचं इंजिनाबद्दल काहीच चुकत नव्हतं. पण मला फॉर्मात इंजिनाची ताकद भरायची नसते. गाडी बनवणाऱ्याने कागदावर किती वजनाची जबाबदारी घेतलीय, ते भरायचं असतं. ती त्याने घेतलेलीच नाही, तर तो रकाना माझ्या मनाने मी कसा भरू?

अशा वेळी लोक तीन-चार वाटा काढतात. कुणी तेच मॉडेल ब्रिटनमध्ये अधिकृत विकलं गेलं असेल तर त्याचा आकडा पुढे करतं. कुणी कंपनीचं पत्र मागवतं. कुणी इंजिनिअरकडून तपासून घेतं. पहिली वाट सगळ्यात सोपी, म्हणून सगळ्यात घसरडीही. एकाच नावाच्या दोन गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर, मागच्या स्प्रिंगा, चासीला दिलेलं जादा लोखंड, काहीही वेगळं असू शकतं.

आता मुद्द्यावर येते, कारण हा सगळा पसारा मी सातासमुद्रापलीकडच्या आजोबांसाठी लिहीत नाहीये. नेरुळला माझा मामेभाऊ राहतो, माझ्याहून मोठा. त्याच्याकडे १९९० च्या दशकातली लँड क्रूझर आहे, ८० मालिकेतली, साडेचार लिटर पेट्रोलची. मामा आखाती देशात नोकरीला होते, कायमचे परत येताना सामानाबरोबर ती गाडीही घेऊन आले. दादाने ती जिवापाड जपली आहे. पेट्रोल पिते म्हणून मामी दर महिन्याला तिच्या नावाने बोटं मोडते आणि गणपतीत गावी जायला तीच मागते. यंदा दादाने उरणकडून एक जुनी फायबरची होडी घेतली, सोळा फुटी, मागे लावायच्या इंजिनासकट, आणि वर एक ट्रेलर. बेत असा की शनिवारी पहाटे नेरुळहून निघायचं, पनवेल, कर्नाळा, वडखळ करत अलिबागच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी होडी पाण्यात सोडायची, रविवारी रात्री परत.

"तुझं रोजचंच काम आहे ना हे? सांग बघू, माझी किती ओढते?"

"पट्टी बघावी लागेल."

"पट्टी कशाला बघायचीये? साडेतीन टन. सगळीकडे तेच लिहिलेलं असतं."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

यावर तो नुसता हसला.

आम्ही त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाईलच्या उजेडात बॉनेट उघडलं. पट्टी सापडली, वर तेलकट धूळ. दादाने बनियनच्या कापडाने पुसली. मॉडेल एफझेडजे८० पासून सुरू होणारं, इंजिन १एफझेड-एफई, खाली फ्रेम नंबर, मग रंग आणि आतल्या कापडाचा कोड, मग गिअरबॉक्स आणि आस यांचा कोड. संपली पट्टी. कुठेही किलो नाही. आरसीचं जुनं पुस्तक आणलं. त्यात अनलेडन, म्हणजे रिकाम्या गाडीचं, वजन होतं, सिटं होती, चाकांमधलं अंतर होतं. ओढायच्या वजनाचा रकाना नव्हताच.

साडेतीन टन हा आकडा दादाने हवेतून काढला नव्हता, हे मान्य करते. ब्रिटनमध्ये विकलेल्या ८० मालिकेला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी साडेतीन टनाची परवानगी होती. पण त्याच मालिकेला ऑस्ट्रेलियात अडीच टन, आणि अमेरिकेत ५००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या जरा वर. गाडी तीच, कारखाना जपानमधला तोच, आणि बंदर बदललं की टनभर फरक. दादाला हे सांगितल्यावर त्याला वाटलं अमेरिकेला पाठवताना इंजिन कमजोर घालत असतील. इंजिनाशी त्याचा फारसा संबंध नाही.

युरोपात ट्रेलर हळू ओढायची सवय आहे. ब्रिटनमध्ये ट्रेलर लावला की साध्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ६० मैल ही मर्यादा, आणि तीन किंवा जास्त पदरांच्या मोटरवेवर अगदी उजवीकडच्या पदरात जायचं नाही. वेग कमी ठेवला की ट्रेलरच्या दांडीवरचा भारही कमी ठेवता येतो. तिथे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार गाडीच्या हुकावर पडावा असं सांगतात. अमेरिकेत लोक ट्रेलर लावूनही सुसाट जातात, म्हणून तिथे १० ते १५ टक्के भार हुकावर हवा असतो. तेवढा भार मागच्या आसावर आला की गाडीच्या आत माणसं आणि सामान घ्यायची मुभा घटते, आणि कंपनी आकडा खाली आणते. म्हणजे ओढायच्या वजनाच्या आकड्यात त्या देशातला वेग, तिथल्या सवयी आणि तिथल्या कंपनीच्या वकिलाची झोपसुद्धा मिसळलेली असते.

युरोपच्या नियमातली एक चाचणी मला फार आवडते. भरलेल्या ट्रेलरसकट गाडी १२ टक्के चढावर उभी करायची, म्हणजे शंभर मीटर गेलं की बारा मीटर वर, आणि पाच मिनिटांत पाच वेळा तिथून सुटून दाखवायचं. मी घोडबंदर रोडला राहते. गायमुखच्या घाटात कंटेनर बंद पडला की काय होतं हे आमच्या पट्ट्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे: सरक, थांब, सरक, थांब, आणि थोड्या वेळाने कुणाच्या तरी क्लचप्लेटचा जळका वास. पाचव्यांदा सुटणं हीच खरी परीक्षा. पहिल्यांदा तर कुणीही सुटतं.

पट्टी गप्प असेल तर कायदा काय म्हणतो, याची उत्तरं देशागणिक वेगळी आहेत. मला विचाराल तर देशाचा स्वभाव त्यात कळतो.

ब्रिटनचं सांगितलंच: आकडा नाही तर सहसा ओढायचं नाही. शिवाय १ ऑगस्ट १९९८ पासून पुढे पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या मोटारीला मान्यताप्राप्त टोबारच (ट्रेलर अडकवायचा मागचा दांडा) लावावा लागतो, गल्लीतल्या वेल्डरकडून चालत नाही. त्याआधीच्या गाडीला ही अट नाही, म्हणून जुन्या गाडीवाले जरा छाती काढून बोलतात. ट्रेलरला ब्रेक नसेल तर मर्यादा ७५० किलो किंवा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मी, यातली जी कमी ती. लायसन्सचा वेगळाच घोळ होता. १९९७ च्या आधी पास झालेल्यांना एक नियम, नंतरच्यांना कडक नियम. १६ डिसेंबर २०२१ पासून तो घोळ मिटला आणि साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनापर्यंतचा ट्रेलर चालतो. त्या आठवड्यात आमचे फोन थांबत नव्हते. आणखी एक आकडा तुमच्या कानावर येईल, ८५ टक्के, म्हणजे कॅराव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तो कॅराव्हॅन क्लबांचा सल्ला आहे, कायदा नव्हे. लोक मात्र तो कायद्यासारखा सुनावतात.

ऑस्ट्रेलिया हिशोबी. बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच. दिलाच नसेल, जसं जुन्या किंवा बाहेरून आणलेल्या गाडीचं होतं, तर न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सूत्र आहे: ट्रेलरला ब्रेक असतील तर गाडीच्या अनलेडन वजनाच्या दीडपट, ब्रेकची गरज नसलेला ट्रेलर असेल तर अनलेडन वजनाइतकं. ब्रेकची गरज कधी नसते, तर ७५० किलोपर्यंत. त्यापुढे दोन टनांपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत, आणि दोन टनांवर सगळ्या चाकांना हवेत. वर ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारी यंत्रणाही. गंमत बघा, दादाच्या गाडीला हे सूत्र लावलं तर साधारण २.२ टनाच्या दीडपट म्हणजे ३.३ टन होतात, आणि कंपनीने तिथे स्वतः लिहून दिलेला आकडा अडीच टन. सूत्र उदार आणि कंपनी कंजूष. अशा वेळी कंपनीचा आकडा असताना सूत्र वापरायची मुभा नाही. आणि दोन्ही बाजूला ठेवा, टोबारवर आणि हुकाच्या गोळ्यावर जो कमी आकडा असेल तोच शेवटचा.

न्यूझीलंड मात्र माझं लाडकं. तिथे जपानहून आलेल्या सेकंडहँड गाड्यांचा इतका भरणा आहे की पट्टीवर आकडा नाही म्हणून अडवायचं ठरवलं तर निम्मा देश अडकेल. तिथला नियम गाडी-ट्रेलरच्या जोडीला विचारतो: ताशी ३० किलोमीटर वेगाने येताना ब्रेक दाबला तर सात मीटरच्या आत थांबता का? थांबत असाल तर जा. तुमची गाडी किती ओढते यापेक्षा किती थांबवते, हा प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटतो. ओढणं इंजिन करतं, त्याची फुशारकी सगळे मारतात. थांबवणाऱ्या ब्रेकचं कौतुक मी अजून एकाही फोनवर ऐकलेलं नाही.

आणि आपल्याकडे? मोटर वाहन कायदा १९८८ काढून बसले. दादाची अपेक्षा होती की एक कलम निघेल आणि त्यात त्याचे साडेतीन टन असतील. निघालं ते भलतंच. कलम २ च्या व्याख्येत 'मोटर वाहन' या शब्दात ट्रेलरही धरलेला आहे. म्हणजे तो होडीखालचा गंजका सांगाडा हेच एक स्वतंत्र वाहन. त्याला स्वतःची नोंदणी लागणार, स्वतःचा नंबर लागणार. कलम ६१ म्हणतं की ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. कलम ११३ म्हणतं की आरसीत लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजनाचं वाहन किंवा ट्रेलर चालवायचा नाही, आणि ते मोडलं तर कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. कलम ५२ म्हणतं की बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचे नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात पुढच्या बुलबारांवर कारवाई सुरू झाली ती याच कलमाच्या आधाराने. तेव्हा चासीला मागे लोखंडी हुक वेल्ड करून घ्यायचा दादाचा बेत मी तिथेच मोडून काढला.

बंद पडलेली गाडी ओढायची असेल तर १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत किती बारकावे होते: दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, ताशी २४ किलोमीटरच्या वर जायचं नाही, मागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत 'ऑन टो' लिहा, आणि अक्षरं ७५ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत. अक्षराची उंची ठरली, दोरीची लांबी ठरली. किलो मात्र त्यात नव्हते. २०१७ मध्ये ते नियम जाऊन नवे आले. रस्त्यावरचं टोचन मात्र आजही सुती दोर आणि वर एक लाल फडका.

याच आयात गाडीकडून सरकार पैसे किती घेतं ते बघा. पंधरा वर्षांवरच्या साध्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायला २०२२ पासून ५,००० रुपये, आयात केलेली असेल तर ४०,०००. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० आणि ८०,००० झाले. एवढी पावती फाडताना 'बाहेरून आलीय, जुनी आहे' हे बरोबर लक्षात येतं. मागे किती ओढू शकते हे कागदावर कुठे उमटत नाही. दादा यावर फार चिडला. मामी म्हणाली, "बरं झालं नाही लिहीत, नाहीतर त्याचेही वेगळे पैसे लावतील."

तरी होडीचं वजन तर काढू, असं ठरलं. विकणाऱ्याने 'पाचशे किलो, ट्रेलर धरून' असं सांगितलं होतं. ट्रेलरला नंबर नाही, म्हणजे तो ओढत आणायचा प्रश्नच नव्हता. होडी-ट्रेलर सगळं एका भाड्याच्या ट्रकवर चढवून उरणहून आणलं आणि वाटेत एका वजनकाट्यावर थांबवलं. काट्यावरच्या मुलाला वाटलं आम्ही होडी भंगारात विकतोय. भरलेला ट्रक तोलला, नेरुळला माल उतरवला, रिकामा ट्रक पुन्हा तोलला. मी ड्रायव्हर आणि क्लीनर दोघांनाही दोन्ही वेळा केबिनमध्ये बसायला लावलं, कारण क्लीनर मधे चहाला उतरला असता तर साठ किलो होडीच्या नावावर चढले असते. काटा दहा-दहा किलोनेच मोजतो, मधे थोडं डिझेलही जळलं, तेव्हा इकडे-तिकडे दहा-वीस किलो सोडून द्या. दोन पावत्यांमधला फरक ८४० किलो.

पाचशेचे आठशे चाळीस कसे झाले? होडीचं फायबर जुनं, आत पाणी मुरलेलं. तळाला फळ्यांखाली नांगर, साखळी, दोन जुनी जाळी आणि एक पेट्रोलचा अर्धा कॅन. ट्रेलर कुणी घरगुती बनवलेला, जाड चॅनलचा. ७५० ची रेघ आपल्या कायद्यातली नव्हे, पण ब्रिटन-ऑस्ट्रेलियात जिच्यापुढे ब्रेकशिवाय ट्रेलर चालत नाही ती हीच. आमच्या ट्रेलरला ब्रेक कुठून असणार? चाकामागे डोकावलं तर नुसता हब आणि ग्रीस.

मग मी मामीचा बाथरूममधला वजनकाटा खाली आणला. ट्रेलर आडवा समतल उभा केला, दांडीच्या टोकाखाली एक लाकडी ठोकळा उभा धरला आणि ठोकळा काट्यावर. आकडा १८. शंभराला जेमतेम दोन किलो पडत होते. ५ ते ७ टक्के धरले तर इथे ४२ ते ५९ किलो हवे होते. मागे लटकणारं इंजिन सगळा भार आपल्याकडे खेचत होतं. ज्याने हातगाडीवर मागच्या बाजूला जास्त पोती लादलेली बघितलीत, त्याला दांडे वर उचलले जातात हे माहीत असतं. गाडीच्या मागे तसंच झालं तर ट्रेलर मागचा आस उचलायला बघतो, चाकांची पकड सुटते, आणि एका वेगाच्या पुढे ट्रेलर डावी-उजवी शेपूट हलवायला लागतो. मग माणूस घाबरून ब्रेक मारतो आणि ते आणखी वाढतं. त्या वेळी करायचं एवढंच असतं: स्टिअरिंग सरळ धरायचं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच उचलायचा.

जाळी काढून टाकली, नांगर आणि कॅन पुढे नेला, होडी ट्रेलरवर वीतभर पुढे सरकवली. पार्किंगमधली दोन पोरं, वॉचमन आणि वरून उतरलेले सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे ढकलायला होते. सेक्रेटरी खरं तर 'होडी व्हिजिटर पार्किंगमध्ये चालणार नाही' हे सांगायला आले होते, पण काट्यावर आकडा चढायला लागला तसे तेही रंगले. ४६ वर थांबलो. मग त्यांनी नोटिशीचं सांगितलं.

दादाचा पुढचा प्रश्न रास्त होता: "आता तर सगळं बसलं. गाडी सव्वादोन टनाची, मागे आठशे. हिला काय जड आहे?" ओढायला काहीच जड नाही, हे मीही मानते. कर्नाळ्याचा चढ ती गाणं म्हणत चढेल. पण पावसात पलीकडचा उतार उतरताना पुढे एसटी थांबली, तर सव्वादोन टनांच्या गाडीच्या, आता तीस वर्षांच्या होत आलेल्या ब्रेकना तीन टन थांबवायचे आहेत, वर आत बसलेली तुम्ही माणसं. त्यात ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही, म्हणजे तो मागून ढकलत राहणार. युरोपात या वजनाला धक्क्यावर चालणारा ब्रेक सर्रास असतो. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे रेटतो, तो रेटा दांडीतल्या दट्ट्यावर येतो आणि त्यानेच ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. ना वायर, ना हवा. यंत्र इतकं साधं आहे की दादासारखा हाताने काम करणारा माणूस ते बघून खूश झाला आणि लगेच म्हणाला, "हे तर मी बनवीन."

बनवू नकोस, असं मी त्याला स्वच्छ सांगितलंय. घरी बनवलेल्या ट्रेलरची अडचणच ती आहे. आरटीओला चासी नंबर हवा, मान्यता मिळालेल्या बनवणाऱ्याचे कागद हवेत, आणि उद्या खरंच कुणाला धक्का लागला तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा विचारणार की मागे जे होतं त्याचा नंबर काय. मी स्वतः त्या टेबलाच्या त्या बाजूला बसते. दावा आला की आमच्याकडे आधी वजनाचा रकाना उघडतात, मग फोटो.

या शनिवारी दादा ट्रेलर बनवणाऱ्या एका परवानाधारक माणसाकडे जाणार आहे. मी त्याला तीन गोष्टी लिहून दिल्यात: फॅक्टरी ब्रेक असलेला आस, नोंदणीला चालेल असा चासी नंबर, आणि कमाल वजन कमीत कमी हजार किलो, कारण टाकी भरली, माणसांचे डबे, जॅकेटं, बर्फाची पेटी आली की आठशे चाळीसचे साडेनऊशे कधी होतात कळत नाही. हुकाचं काम चासीला वेल्ड न करता, त्या मॉडेलसाठी बनलेलं बोल्टचं किट मिळालं तरच. तोवर होडी भाड्याच्या ट्रकवरून जाते. त्या ट्रकचा भाव दादाला दर खेपेला टोचतो आणि दर खेपेला तो मला फोन करून विचारतो की साडेतीन टनाचं ते ब्रिटनमधलं काहीतरी पीडीएफ आहे का माझ्याकडे. आहे. पाठवणार नाही.